एकेचाळीस घरं आणि एक बाग

शहरं नुकती वेशीबाहेर पसरू लागली होती, त्या काळची ही गोष्ट. अशाच एका वाढत्या शहरात धोंडोपंत रिसबूड नावाचे एक नकाशे काढणारे राहत होते. जमीन मोजायची आणि ती कागदावर उतरवायची, हा त्यांचा धंदा. हात फार सुरेख होता. त्यांनी काढलेलं झाड पाहिलं की त्याच्या सावलीत जरा टेकावं असं वाटे. आणि माणूस सरळ होता. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात ते आपलं नाव लिहीत, आणि त्या नावावर विसंबून लोक डोळे मिटून जमिनीचे व्यवहार करत. दोन भावांत बांधावरून कितीही वितुष्ट आलेलं असो, रिसबुडांची मोजणी आहे म्हटलं की दोघंही मुकाट्याने मान्य करत.

धोंडोपंत मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. खोल्या अंधाऱ्या होत्या. पत्नी जानकीबाई म्हणत, आपल्याला फार मोठं काही नको, तुळस लावायला ऊन येईल एवढं अंगण असलं तरी पुरे. धोंडोपंत ऐकून घेत आणि पुन्हा पट्टी-पेन्सिल हातात घेत.

त्याच शहरात भास्करशेट नावाचे लाकडाचे व्यापारी होते. शहरात दाटी झाली होती, लोकांना बाहेर मोकळ्या हवेत राहायचं होतं, हे त्यांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं. पूर्वेच्या बाजूला एका इनामदाराची शेतं होती. ती त्यांनी विकत घेतली आणि तिथे प्लॉट पाडून विकायचं ठरवलं. वसाहतीचं नाव ठेवलं 'आनंदबाग'. मोठ्या शहरांत असे प्लॉट रंगीत नकाशे छापून विकतात हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. ते धोंडोपंतांना म्हणाले, "माणसाला जमिनीवर नेलं की तो खडक बघतो, काटे बघतो, गावापासून किती लांब ते विचारतो. नकाशा दाखवला की त्याला त्यात आपलं घर दिसतं. म्हणून मला तुमचा हात पाहिजे."

धोंडोपंतांनी नऊ दिवस ती जमीन मोजली. सकाळी मोजणीची साखळी घेऊन निघायचे, ऊन उतरेपर्यंत राबायचे. त्या शेतांच्या मधोमध एक उंचवटा होता आणि त्या उंचवट्यावर कुंभारांची वस्ती होती. एकेचाळीस घरं, मडकी भाजायचे तीन आवे आणि एक विहीर. पलीकडे एक मोठा खड्डा होता, त्यात पाणी साठलेलं असे. कुंभार तिथूनच माती काढत. वस्ती नक्की किती जुनी ते कुणालाच सांगता येत नव्हतं. कागद कुणाकडे नव्हता. इनामदाराने विकलेल्या शेतांत हा उंचवटा येत नव्हता, हेही धोंडोपंतांना मोजताना स्पष्ट दिसलं.

त्या वस्तीत ठकूबाई नावाची एक वयस्क बाई होती. नवरा गेल्यावर तिने स्वतः चाक सांभाळलं होतं आणि वस्तीत तिच्या शब्दाला मान होता. दुपारच्या उन्हात धोंडोपंत तिच्या पडवीत येऊन बसत. ती त्यांना नव्या माठातलं पाणी देई. एकदा तिने विचारलं, हे काय मोजताय. धोंडोपंतांनी सांगितलं की आजूबाजूला घरं होणार आहेत, त्यांचा नकाशा करतोय. ठकूबाईला ते आवडलं. घरं आली म्हणजे माठ लागणार, पणत्या लागणार. ती म्हणाली, "भाऊ, आमची वाडीबी नीट काढा बरं का. माझ्या सासऱ्याचा आजा हितं येऊन ऱ्हायला व्हता." धोंडोपंतांनी हसून मान डोलावली, आणि खरंच त्यांनी ती नीट काढली. एकेक घर छोट्या चौकोनाने दाखवलं. आवे दाखवले, विहीर दाखवली, आणि वर बारीक अक्षरात 'कुंभारवाडी' असं लिहिलं.

नकाशा पाहून भास्करशेट खूश झाले. रस्ते सरळ होते, प्लॉट ठसठशीत होते. मग त्यांचं बोट मधोमध येऊन थांबलं. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. धोंडोपंतांनी सांगितलं. भास्करशेटांनी नकाशा जरा दूर सरकवला. मग म्हणाले, आव्यांचा धूर बघायला कुणी प्लॉट घेत नाही, हे काढून टाका. धोंडोपंत म्हणाले, वस्ती तिथे आहे, ती नाही असं मी कसं दाखवू.

तेव्हा भास्करशेट अगदी समजावणीच्या सुरात बोलले. "पंत, खोटं काढा असं मी कुठे म्हणतोय? आहे ते काढू नका, एवढंच म्हणतो. नकाशात तुम्ही प्रत्येक दगड काढता का? प्रत्येक बाभूळ काढता का?"

मग ते म्हणाले की मधे कोरी जागा राहिली तर वाईट दिसेल, तिथे बाग काढा. बाग आपण पुढे करणारच आहोत. मातीच्या खड्ड्याला निळा रंग द्या, तलाव म्हणा. आणि बोलता बोलता त्यांनी एका कोपऱ्यातल्या प्लॉटवर टिचकी मारली. पहिला नंबर, दोन्ही बाजूंनी रस्ता, सकाळचं ऊन थेट अंगणात. हा तुमच्या नावावर करायचं माझ्या मनात आहे, असं म्हणून ते दुसऱ्याच विषयावर बोलू लागले.

धोंडोपंत घरी आले. खिडकीशी बसले. त्यांच्याकडे एक पातळ पातं होतं, चुकीची रेघ खरवडून काढायचं. त्यांनी ते हातात घेतलं. शाई कागदात मुरलेली होती, ती पुसून जाण्यातली नव्हती. कागद न फाटता वरचा पापुद्रा तेवढा काढायचा म्हणजे हात हलका लागतो, आणि त्यांचा हात हलकाच होता. एक चौकोन खरवडायला थोडा वेळ लागे. एकेचाळीस चौकोन, तीन आवे, विहीर आणि वरची अक्षरं मिळून दोन दुपारी लागल्या. आपण फक्त रेघा पुसतोय, माणसं कुठे पुसतोय, असं ते मनाला सांगत होते. मन ऐकत नव्हतं, पण हात थांबत नव्हता. आणि ज्या हातावर सारं शहर विसंबून होतं, त्याच हाताने त्यांनी त्या जागी हिरवा रंग भरला. आंब्याची झाडं काढली. मधे कारंजं काढलं. बसायला बाकं काढली. ती बाग त्यांच्या आजवरच्या कामांत सगळ्यात सुंदर झाली होती. खाली कोपऱ्यात त्यांनी आपलं नाव लिहिलं आणि तारीख घातली.

नकाशा तीन रंगांत छापला गेला. स्टेशनावर लागला, देवळांबाहेर लागला, दुकानांच्या भिंतींवर लागला. लोक घोळक्याने उभे राहून बघत. बागेसमोरचे प्लॉट सर्वांत आधी गेले, आणि त्यांचा भावही सगळ्यांत जास्त होता. नागेश सबनीस नावाचे एक निवृत्त शाळामास्तर होते. त्यांच्या पत्नीला दम्याचा विकार होता. वैद्यांनी स्वच्छ हवेत राहायला सांगितलं होतं. सबनीस मास्तरांनी जन्मभराची शिल्लक मोडून अगदी बागेसमोरचा प्लॉट घेतला. जागा पाहायला जायची गरज त्यांना वाटली नाही. ते म्हणाले, खाली रिसबुडांचं नाव आहे, आणखी काय बघायचं.

काही महिने गेले. मग प्लॉट घेतलेली माणसं जागा बघायला येऊ लागली आणि बाग शोधू लागली. बागेच्या जागी त्यांना धूर दिसला, चिखल दिसला, वाळत घातलेली मडकी दिसली. ते भास्करशेटांकडे धावले. भास्करशेटांनी अत्यंत शांतपणे सांगितलं की ही माणसं नंतर येऊन घुसली आहेत. मोकळी जागा दिसली, बसली. नकाशा बघा ना, काढला तेव्हा तिथे काय होतं? काहीच नव्हतं. आणि लोकांना ते पटलं. ज्यांच्या पणज्यांनी ती विहीर खोदली त्यांना एका छापील कागदावरून लोक घुसखोर म्हणू लागले. चांगली शिकलीसवरलेली माणसं ती. एकानेही वाडीत जाऊन, बाबांनो तुम्ही कधीपासून राहता, असं विचारलं नाही. कागद विचारायला सोपा असतो, तो उलटून बोलत नाही.

संक्रांत पंधरा दिवसांवर आली होती. वर्षाची मोठी कमाई त्याच दिवसांत होई. तिन्ही आव्यांत सुगडं रचून भाजायला ठेवली होती. एक दिवस सकाळीच भास्करशेटांची माणसं कुदळी घेऊन आली. बागेचं कुंपण घालायचं आहे म्हणाली. बायका आडव्या आल्या तेव्हा त्यांना बाजूला ढकललं. तिन्ही आवे फोडले. मातीच्या खड्ड्याभोवती तारा ओढल्या आणि त्याच्यावर 'तलाव' अशी पाटी लावली. कुंभारांनी मातीला हात लावायचा नाही, असं बजावलं.

त्याच आठवड्यात धोंडोपंत जानकीबाईंना घेऊन कोपऱ्यातला प्लॉट दाखवायला आले होते. जानकीबाई जमिनीवर पावलं टाकून अंगण कुठवर येईल ते बघत होत्या. धोंडोपंतांचं लक्ष उंचवट्याकडे गेलं. आवे दिसत नव्हते. नको नको म्हणत त्यांचे पाय तिकडे वळले.

वाडीत सगळीकडे फुटक्या सुगडांचा खच पडला होता. माणसं त्यातूनच एखादं धड निघतंय का ते शोधत होती. ठकूबाई पडवीत बसली होती. तिने धोंडोपंतांना ओळखलं. ती उठली, आत गेली आणि भिंतीवरून फाडून आणलेला नकाशा घेऊन आली. तो तिने जमिनीवर पसरला.

"भाऊ, मला वाचाया येत न्हाई," ती म्हणाली. "ह्यात आमचं घर कुठं हाय तेवढं दावा."

धोंडोपंतांनी खाली बसून एका हिरव्या जागेवर बोट ठेवलं.

"हितं काय लिवलंय?"

"बाग," धोंडोपंत म्हणाले.

ठकूबाईने तो शब्द पुन्हा उच्चारला. मग तिने विचारलं की हा कागद कुणी काढला. जानकीबाई मागे येऊन उभ्या होत्या. शेजारी दोन-तीन माणसं थांबली होती. मोजणी चालू असताना नऊ दिवस ज्याला पाणी दिलं त्याच माणसाला ठकूबाई हे विचारत होती, आणि वाडी नीट काढतो म्हणणाऱ्यानेच हा कागद काढला असेल, असा काडीचाही संशय तिच्या मनात नव्हता. धोंडोपंत म्हणाले, "मी."

तिने शिव्या दिल्या असत्या तर धोंडोपंतांना बरं वाटलं असतं. तिने नकाशा गुंडाळला आणि ती फुटकी सुगडं वेचायला निघून गेली.

घरी परतताना जानकीबाई दोन पावलं पुढे चालत होत्या. दारात आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही काढताना ती घरं तिथे होती?" धोंडोपंतांनी सगळं सांगितलं. पात्याचं सांगितलं, दोन दुपारींचं सांगितलं, पहिल्या नंबरच्या प्लॉटचंही सांगितलं. जानकीबाई म्हणाल्या, "मला अंगण पाहिजे होतं. पण तुम्ही ते कशावर काढताय हे मला आधी सांगायचंत. मी नको म्हटलं असतं." त्यांनी आवाज चढवला नाही. त्या दिवसापासून अंगणाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढे भास्करशेटांनी मामलेदारांकडे अर्ज केला. माझ्या वसाहतीच्या मधोमध परक्या लोकांनी अलीकडे अतिक्रमण केलं आहे, त्यांना उठवून द्यावं, असा तो अर्ज होता. पुरावा म्हणून त्यांनी नकाशा जोडला. छापील प्रत जोडली असती तरी चाललं असतं. पण भास्करशेटांना वाटलं की धोंडोपंतांच्या हातचा मूळ कागद, त्यांच्या सहीतारखेसह, अधिक वजनदार ठरेल. म्हणून त्यांनी तोच जोडला.

धोंडोपंतांना साक्षीला बोलावणं आलं. आदल्या दिवशी भास्करशेट स्वतः त्यांच्या दोन खोल्यांत आले. बसायला दिलेल्या घडवंचीवर बसले. प्लॉटचं विक्रीखत त्यांनी सोबत आणलं होतं, फक्त त्यांची सही बाकी होती. ते म्हणाले, तुम्हाला खोटं बोलायला मी सांगणार नाही. मामलेदार विचारतील, हा नकाशा तुम्ही काढला का? तुम्ही हो म्हणा. ते विचारतील, तुम्ही जागा मोजली होती का? हो म्हणा. यात खोटं काय आहे? बाकीचं आमचे वकील बघतील. धोंडोपंतांनी ते विक्रीखत परत केलं आणि उद्या कचेरीत येतो म्हणाले. भास्करशेटांना वाटलं, पंत सही झाल्यावरच घेतील, काळजी घेणारा माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गर्दी होती. एका बाजूला प्लॉट घेतलेली मंडळी बसली होती, त्यांत सबनीस मास्तर पुढे होते. दुसऱ्या बाजूला दाराशी कुंभारवाडीतली माणसं उभी होती. त्यांना बसा असं कुणी म्हटलं नव्हतं.

मामलेदारांनी विचारलं, नकाशा तुमचा का. धोंडोपंत हो म्हणाले. जागा तुम्हीच मोजली का. धोंडोपंत हो म्हणाले. भास्करशेटांच्या वकिलांनी मान हलवली आणि ते बसू लागले. तेव्हा धोंडोपंत म्हणाले की मला आणखी काही सांगायचं आहे.

"मी मोजायला गेलो तेव्हा तिथे एकेचाळीस घरं होती. तीन आवे होते, विहीर होती. मी ती मोजली आणि या कागदावर काढली. मग भास्करशेटांच्या सांगण्यावरून मी ती खरवडून टाकली आणि वर बाग रंगवली. ही माणसं नकाशानंतर आलेली नाहीत. नकाशातून मी त्यांना घालवलं."

कचेरीत कुजबुज सुरू झाली. वकील उठले. ते म्हणाले, या गृहस्थांना वसाहतीत फुकट प्लॉट हवा होता, तो मिळाला नाही म्हणून हा राग आहे. सबनीस मास्तर धोंडोपंतांकडे एकटक बघत होते. प्लॉटची गोष्ट खरी होती. तीही धोंडोपंतांनी कबूल केली. प्लॉट मला कबूल केला होता आणि त्या लोभाने मी हे केलं, असं त्यांनी भर कचेरीत सांगितलं. चाळीस वर्षं जपलेलं नाव त्यांनी आपल्या तोंडाने धुळीला मिळवलं.

मामलेदार म्हणाले, तुमच्या शब्दाशिवाय काही आहे का. धोंडोपंत म्हणाले, "साहेब, कागद खिडकीशी धरा."

मामलेदार उठले. त्यांनी नकाशा काचेवर टेकवला. बाहेर लख्ख ऊन होतं. हिरव्या बागेच्या आत छोटे छोटे चौकोन उजळले. जिथे जिथे पातं फिरलं होतं तिथे कागद पातळ झाला होता आणि उजेड आरपार येत होता. मामलेदारांनी ते मोजले, एकेचाळीस भरले. भास्करशेट म्हणाले, शाईचे डाग असतील, पंतांनी खोडले असतील. मामलेदारांनी नकाशा गुंडाळून स्वतःजवळ ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागद घेऊन स्वतः वाडीत गेले. साखळी धरायला लावली, एकेका चौकोनापाशी उभे राहिले. प्रत्येक चौकोनावर घर होतं. फोडलेल्या आव्यांच्या जागी राखेचे थर होते. त्यांनी एका ठिकाणी खणायला लावलं तर राख कमरेइतकी खोल निघाली. वर्ष-दोन वर्षांत एवढी राख साठत नसते.

निकाल वाडीच्या बाजूने लागला. वस्ती राहील, खड्डा कुंभारांचा, तारा काढून टाकाव्यात, असा हुकूम झाला. वाडीतली माणसं दाराशी उभी होती तशीच ऐकून निघून गेली. फोडलेल्या आव्यांचं काय, बुडालेल्या संक्रांतीचं काय, हा अर्जाचा विषय नव्हता, म्हणून त्यावर कुणी बोललं नाही.

आणि भास्करशेटांचं काय झालं? काही झालं नाही. प्लॉट घेणाऱ्यांनी त्यांना बागेबद्दल जाब विचारला तेव्हा त्यांनी विक्रीखत काढून दाखवलं. त्यात बाग हा शब्दच नव्हता. ते म्हणाले, नकाशा म्हणजे चित्र असतं, चित्रावर कुणी सही घेतं का? दोन वर्षांत त्यांनी शहराच्या पश्चिमेला दुसरी वसाहत काढली. नवा नकाशा छापला. त्यात तर नदीकाठी घाट होता आणि घाटावर कमानी होत्या. काढणारा दुसरा कुणी होता. लोक पुन्हा भिंतींसमोर घोळक्याने उभे राहिले.

सबनीस मास्तर एके सकाळी धोंडोपंतांच्या घरी आले. चहा नको म्हणाले. उभ्यानेच बोलले. "तुम्ही खोटं काढलंत म्हणून मी फसलो. तुम्ही खरं बोललात म्हणून माझ्या प्लॉटला आता गिऱ्हाईकही नाही. घरात बायकोचा श्वास कोंडतोय. तुम्ही आता चांगले ठरलात, रिसबूड. मी काय ठरलो?" धोंडोपंतांनी खाली बसून एक जबानी लिहिली. बाग दाखवायला मला कुणी सांगितलं, त्यामागे हेतू काय होता आणि त्या बागेच्या नावावर किती जादा भाव घेतला गेला, हे सगळं त्यात होतं. खाली सही केली. अशा जबान्या त्यांनी मागेल त्याला लिहून दिल्या. त्यांच्या जोरावर काहींनी भास्करशेटांकडून भरपाई वसूल केली. सबनीस मास्तरांना ती मिळायला तीन वर्षं लागली. तेवढी वर्षं त्यांच्या पत्नीने जुन्या कोंदट घरातच काढली.

धोंडोपंतांकडे मोजणीची कामं येईनाशी झाली. ज्याने एकदा खरवडलं तो पुन्हा खरवडणार नाही कशावरून, असं लोक म्हणत, आणि ते चूकही नव्हतं. ते एका शाळेत मुलांना भूमिती शिकवू लागले. दोन खोल्या शेवटपर्यंत सुटल्या नाहीत.

निकालानंतर एकदा ते कुंभारवाडीत गेले होते. आवे नव्याने रचणं चाललं होतं. ठकूबाई मातीने हात माखून उभी होती. धोंडोपंतांनी क्षमा मागितली. आपण साक्ष दिली म्हणून ती काही बरं बोलेल, अशी आशा मनाच्या कोपऱ्यात होती, नाही असं नाही. ठकूबाई सावकाश बोलली.

"तुमी खरं बोललात ते बरं केलंत, भाऊ. तुमचं नुकसान झालं तेबी मला दिसतंय. पर आमी हितं पिढ्यान्‌पिढ्या उभं हाय, डोळ्याला दिसतोय, बोलतोय, आणि तरी आमी हाय हे सांगाया तुमचं तोंड लागलं. त्याचा राग माझ्या मनातनं जाणार न्हाई."

मग ती पुन्हा मातीकडे वळली.

तात्पर्य: ज्याच्या शब्दावर लोक विसंबतात त्याने एखादी खरी गोष्ट गाळली, तर तेही खोटंच असतं. ते उशिरा कबूल करणं कर्तव्य आहे, पण त्यासाठी शाबासकी मागण्याचा हक्क त्याला नाही.